देवघरातलं बटण

आमच्या आईला चालू राहिलेलं बटण बघवत नाही. खोलीतून बाहेर पडताना तिचा हात आपोआप बोर्डाकडं जातो. पंखा बंद, दिवा बंद, टीव्ही तर रिमोटनं नाही, थेट भिंतीवरून बंद. आभाळात नुसतं गुरगुरलं तरी घरभर फिरून सगळ्या पिना उपटून ठेवते, आणि मग दुसऱ्या दिवशी आम्ही विचारत फिरतो, फ्रिज का बंद, मोटार का चालेना. कितीदा समजावलं. ‘‘असू दे गं, तेवढाच मीटरला आराम,’’ म्हणते. मीटरला आराम! आता या बाईशी काय वाद घालायचा?

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मी आईला देत नाही. दिला होता, पोटभर दिला होता. आता देत नाही. बटण तिनं बंद केलं हे खरं, पण ते बटण निवडलं होतं मी.

मी लातूरला शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. नांदेडला आई-बाबा दोघंच असतात. बाबा कोर्टात शिपाई होते आणि त्यांच्याकडं काम होतं पुकाऱ्याचं. आत केस निघाली की बाहेर व्हरांड्यात यायचं आणि पक्षकारांची नावं मोठ्यानं पुकारायची. प्रत्येक नाव तीनदा. माणूस हदगावचा असो की कंधारचा, बाबांच्या तोंडून नाव चुकीचं गेलं असं कधी झालं नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा कप टाकून पळत यायचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारात कुणी त्यांना चेहऱ्यानं ओळखायचं नाही. भाजीवालीला ‘‘मेथी कशी?’’ विचारलं की मागून कुणीतरी म्हणायचं, अरे, हे तर पुकारेवाले!

गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळ्यांत बघितलं की कळायचं, माणूस आत पुरता जागा आहे. पण तोंडातून नुसता एक आवाज यायचा, ना त्याला सुरुवात ना शेवट. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, बोलणं जेवढं परत यायचं तेवढं पहिल्या काही महिन्यांतच येतं, नंतर फार आशा ठेवू नका. मी ते ‘पहिल्या काही महिन्यांत’ पदराला गाठ मारल्यासारखं बांधून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नोकरी करत होते, मुलांना भूमिती शिकवत होते, पण आतून एकच हिशेब चालू: आज एक दिवस गेला.

बोलणं शिकवणारी एक मुलगी मिळाली, पुण्याची. चांगली होती, धीराची होती. रोज दुपारी चार वाजता व्हिडिओवर यायची. इकडून बाबा, तिकडून ती, आणि लातूरहून मी. बाबांना ओठ दिसायला हवेत, नुसत्या आवाजावर भागायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि मी रोज समोर असले पाहिजे असंही म्हणाली. ज्याच्यासाठी बोलायचं ते माणूस दिसलं की जीभ लवकर हलते, असं तिचं म्हणणं.

आता आली का पंचाईत! आमचं घर बाबांनी जमेल तशी एकेक खोली वाढवत बांधलेलं. त्यामुळं ते रुंद झालंच नाही, नुसतं लांबत गेलं. पुढं बैठक, मग मधली खोली, मग देवघर, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं बाबांची खोली. भिंती जाडजूड. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी तीन-तीन मजले चढवलेले. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज म्हणून येत नाही, फोनवर बोलायचं तर आईला बैठकीत यावं लागतं. नेटची वायर आणि राउटरही बैठकीतच. बरं, बाबांना बैठकीत आणावं तर ते तयार होईनात. एकदा व्हीलचेअरवर आणलं, तेवढ्यात त्यांच्या कोर्टातले एक जुने सोबती भेटायला आले. ‘‘काय साहेब, कसं काय?’’ म्हणाले. बाबांनी तोंड उघडलं आणि तो आवाज आला. ते गृहस्थ घाबरून माझ्याकडं बघायला लागले. त्यानंतर बाबांनी डाव्या हातानं दाराची चौकट अशी घट्ट धरली की पुन्हा त्यांना पुढं आणायची कुणाची हिंमत झाली नाही.

म्हणून मी लातूरच्या एका दुकानातून मागच्या खोलीपर्यंत नेट पोचवणारे ते मेशचे तीन डबे आणले. दुकानदार समजावून सांगणारा होता. म्हणाला, ‘‘मॅडम, बांधकामावर विटा झेलतात बघा, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. तसंच हाय हे. पहिला डबा तुमच्या राउटरला जोडा, दुसरा मधी ठेवा, तिसरा मागच्या खोलीत. फक्त मधला माणूस जाग्यावरून हलला नाही पायजे.’’ मला हे इतकं पटलं की मी नांदेडला जाऊन पहिली चूक लगेच केली. जिथं नेट येत नाही तिथंच जास्त गरज, असं समजून मधला डबाही बाबांच्या खोलीतच नेऊन ठेवला. दोन्ही डबे लाल दिवा लावून बसले. दुकानदाराला फोन केला तर तो हसला, ‘‘अहो, त्याच्या हातात वीट पोचेल तिथंच उभं करा ना त्याला!’’

मग तो डबा मधल्या खोलीत लावला. आईनं अर्ध्या तासात बटण बंद केलं. मी बटणावर चिकटपट्टी लावली. आईनं ती सोलून काढली आणि बोर्ड ओल्या फडक्यानं पुसून ठेवला. ‘‘कुणी घाण केली बोर्डाची?’’ वर मलाच विचारते! स्वयंपाकघरात लावला तर मिक्सरसाठी काढला. मी बेजार झाले. कपाळाला हात लावून मधल्या खोलीत बसले होते, तेव्हा देवघरात लक्ष गेलं. देव्हाऱ्यावर लाल झिरोचा बल्ब जळत होता. तो बल्ब मी लहानपणापासून बघत आलेय. दिवसा, रात्री, आम्ही गावाला गेलो तरी, आभाळ गरजलं तरी तो चालू. पूर्ण घरात आई ज्याला हात लावत नाही असं हे एकच बटण. आणि देवघर घराच्या अगदी मध्यावर!

मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. बल्बच्याच बटणावर मी एक मल्टिप्लग लावला, एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला डबा. आई आधी कुरकुरली. ‘‘देवाजवळ हे कामून आणून राहिली?’’ मी म्हटलं, बाबांच्या बोलण्यासाठी आहे. मग ती आत गेली, हळद-कुंकू आणलं आणि त्या पांढऱ्या डब्यावर दोन बोटं लावली.

आणि लागलं नेट. मागच्या खोलीत टॅबवर माझा चेहरा स्वच्छ दिसायला लागला. बाबांना पहिला शब्द आला तो ‘नको’. औषधाला म्हणाले, आणि आम्ही दोघी इतक्या हरखलो की ते औषध राहूनच गेलं. मग ‘पाणी’. मग ‘ये’. पुण्याची मुलगी म्हणाली, आता लेकीचं नाव घेऊ. माझं घरातलं नाव तीन अक्षरांचं आहे, बाबांनीच ठेवलेलं. रोज चारला बाबा ते नाव घ्यायला बसायचे. ओठ मिटायचे, कपाळावर घाम यायचा, पहिलं अक्षर बाहेर पडायचं आणि पुढं सगळं अडायचं. मग ते डाव्या हाताची मूठ उशीवर आपटायचे. ‘‘घाई नाही, बाबा,’’ मी म्हणायची. खोटं बोलायची. मला भयंकर घाई होती. महिने संपत आले होते.

मार्चमध्ये, दहावीचे पेपर चालू असताना, उमरीचे काका गेले. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. चहा पिता पिता मान टाकली. मला आईचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलबाहेर उभी होते. पहिल्यांदा मनात काय आलं असेल? काकांचं नाही. बाबांना कळलं तर, हे आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू देऊ नका. मी आईला तिथूनच हुकूम सोडला: बाबांना काहीही कळता कामा नये. जो येईल त्याला बैठकीतच बसव, हळू बोलायला सांग, आणि तू त्यांच्यासमोर रडायचं नाहीस. आई बिचारी ‘‘हाव, हाव’’ करत राहिली.

त्याच दिवशी चार वाजता टॅब लागेना. मोबाइलमधल्या डब्यांच्या ॲपवर बघितलं तर पुढचा डबा हिरवा, मधला लाल, मागचा लाल. आईला फोन लावला.

‘‘मधल्या डब्याचं बटण बंद करून परत चालू कर.’’

मागं बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

‘‘आई, ऐकतेस ना? देवघरातला डबा. बंद कर, चालू कर.’’

‘‘केलं,’’ आई म्हणाली.

‘‘लागला का हिरवा?’’

‘‘न्हाई लागला.’’

‘‘परत कर.’’

‘‘केलं गं माय, केलं. लोक बसलेत, ठेवते.’’

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी काय काय बोलले त्या बाईला! एवढं साधं जमत नाही का म्हटलं. बाबांचे दिवस वाया जाऊन राहिलेत आणि तुला काही फिकीर नाही म्हटलं. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, दीर गेलेला, घरात माणसांची ये-जा, मागं नवरा असा पडलेला, आणि मी लातूरहून तिच्यावर ओरडत होते. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, तिला म्हणावं बाबांच्या कानाशी धर, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. राग आला की माणसाची अक्कल आधी जाते.

नेटवाल्यांकडं तक्रार केली. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस घरी गेला. पुढचं सगळं तपासून म्हणाला, इथं तर ठीक आहे, मधला डबा दाखवा. आई त्याला म्हणाली, तिकडं जाता येत नाही. का, म्हणून त्यानं विचारलं. आईनं कारण सांगितलं. तो माणूस ‘‘बरं बरं’’ म्हणाला, हात जोडले आणि निघून गेला. मला मोबाइलवर निरोप आला, तुमची तक्रार मिटली आहे. हे कारण मला कुणीच सांगितलं नाही. नेटवाल्यानं नाही, आईनं नाही. आणि मलाही उमगलं नाही. लातूरच्या माझ्या दोन खोल्यांत देव म्हणजे कॅलेंडरवरचा गणपती. सुतक लागलं की देवघर बंद होतं, हे माहीत असून माझ्या डोक्यातून पुसून गेलं होतं.

रविवारी पेपर नव्हता, म्हणून उमरीला काकूला भेटायला गेले. परत येताना नांदेडला बस बदलायची होती. स्टँडवरून आमचं घर रिक्षानं पंधरा मिनिटं. आईला फोन केला, येऊन जाते म्हटलं. ती घाईघाईनं म्हणाली, ‘‘नको, नको. मयताच्या घरून थेट आजारी माणसापाशी येत नसतात. अन् तुझ्या तोंडावर काही लपत न्हाई, यांना लगेच कळंल. सरळ जा तू लातूरला.’’ मी काही असलं पाळणारी नाही. एरवी वाद घातला असता. पण तोंडावर लपत नाही हे तर खरंच होतं, काकूच्या गळ्यात पडून रडून माझे डोळे सुजले होते. शिवाय आईवरचा राग होताच. मी मुकाट्यानं लातूरच्या गाडीत बसले. पंधरा मिनिटांवर बाबा होते आणि मी खिडकीची जागा धरून बसले.

मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. आवाज वेगळाच, आनंदानं फुटलेला. ‘‘अगं, नाव घेतलं तुझं! पूर्ण! सकाळपासून घेऊन राहिले!’’

मी म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘तुझं नाव गं! तिन्ही अक्षरं. साफ! कोर्टात घ्यायचे तसं, तीन-तीनदा घेतात. मग थांबतात, दाराकडं बघतात, परत घेतात. मी म्हटलं, हाव, हाव, घ्या, अजून घ्या. टाळ्या वाजवल्या मी.’’

मला तिथंच रडू फुटलं. स्टाफरूममधले सगळे गोळा झाले. मी शिपायाला पाठवून पेढे आणवले आणि सगळ्यांना वाटले. काका जाऊन आठच दिवस झालेत, हेही मनात आलं नाही. मला तर वाटलं, बरंच झालं नेट गेलं ते! ती पुण्याची मुलगी आणि मी रोज चारला समोर बसून त्यांच्यावर ताण आणत होतो, एकटे सोडल्यावर जीभ आपसूक सुटली. पुण्याच्या मुलीला कळवलं, तीही खूश झाली. आई संध्याकाळी पुन्हा म्हणाली, दिवसभर घेतात, घेता घेता डोळ्यांतून पाणी येतं. मी म्हटलं, येणारच, आनंदाचं आहे. जेवतात का, विचारलं. ‘‘चार-पाच दिवस झाले, तोंडच उघडत न्हाईत घासाला,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, बोलायच्या नादात असतील.

बोलायच्या नादात! असं म्हणाले मी.

शुक्रवारी, अकराव्या दिवशी, चार वाजता सवयीनं मोबाइल बघितला तर तिन्ही डबे हिरवे. आलं बाई एकदाचं, म्हणत मी टॅब लावला. आईनं उचलला आणि बाबांसमोर धरला. त्यांची दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. मी आपली उत्साहानं, ‘‘बाबा! घ्या ना माझं नाव! आई सांगत होती!’’

बाबा बघत राहिले. कितीतरी वेळ. मग डावा हात उचलला, बोटं टॅबच्या काचेला टेकवली, माझ्या कपाळाला टेकवल्यासारखी. ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावली आणि डोळे मिटून घेतले. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण करतो ना, तसं.

आई बाजूनं म्हणत होती, ‘‘अहो, ती हाय, बोलून राहिली ती.’’ बाबांनी डोळे न उघडता मान हलवली.

‘‘आई,’’ मी म्हटलं, ‘‘बाबांना काय वाटून राहिलंय?’’

आई टॅब तसाच धरून उभी होती. मला फक्त छत आणि तिची हनुवटी दिसत होती. ती म्हणाली, ‘‘घंटी वाजत न्हवती ना गं. देवघर बंद होतं. सुतक म्हणून पहिल्याच दिवशी मी लाल बल्ब बंद केला, दाराला कडी लावली. आज उघडलं.’’

‘‘मग तू बटण बंद-चालू केलं म्हणत होतीस ते?’’

‘‘सुतकात देवघरात पाय कसा घालू मी? तू इतकी ओरडत होतीस. म्हटलं केलं.’’

मी काही ओरडले नाही. बाबांनी त्या मागच्या खोलीत पडून काय काय पाहिलं, ते सगळं माझ्यासमोर आलं. पन्नास वर्षं रोज सकाळी ऐकलेली देवघरातली घंटा एके दिवशी बंद. म्हणजे घरात कुणीतरी गेलं. बैठकीत माणसांची कुजबुज, आईचे डोळे लाल. विचारावं तर तोंडात तीनच शब्द, आणि ज्यांना विचारायचं ती सगळी खोटं बोलणारी, मी शिकवून ठेवलेली. आणि नेमक्या त्याच दिवसापासून रोज चारला दिसणारा लेकीचा चेहरा दिसायचा बंद. आईनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, नेट गेलंय. रडून आलेली बायको सांगते, नेट गेलंय. कोण विश्वास ठेवील? तीन दिवसांत सुतक फिटलं असतं तर कुणी लांबचं गेलं असंही वाटलं असतं. पण लग्न न झालेल्या लेकीचं सुतक दहा दिवस असतं, हे त्यांना माहीत होतं.

मी मिळेल ती गाडी पकडून निघाले. पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. देवघरातला लाल बल्ब लागलेला, डबा हिरवा. मी चपला घालूनच मागच्या खोलीत गेले. बाबांनी मला पाहिलं आणि आधी अंग चोरलं. मी त्यांचा हात धरून माझ्या तोंडावर ठेवला. ते चाचपत राहिले, नाक, कान, केस. मग त्याच हातानं मला मारायला लागले. दुबळं मारणं होतं ते, लागत नव्हतं. मी म्हटलं, मारा बाबा. आणि तिथंच, धक्का-बिक्का सगळं विसरून सांगून टाकलं, उमरीचे काका गेले, मी नाही, काका गेले. त्यांचा हात खाली पडला. भावासाठी रडायचं की लेकीसाठी हसायचं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांच्या त्या अर्ध्या चेहऱ्यावर दोन्ही सारखंच दिसत होतं. आई दारात तोंडावर पदर घेऊन उभी होती. ‘‘मला वाटलं शिकून राहिले,’’ एवढंच परत परत म्हणत होती. ‘‘मी टाळ्या वाजवल्या गं. मला वाटलं, शिकून राहिले.’’

त्यानंतर बाबांनी ते नाव घेतलं नाही. नावच काय, ‘पाणी’ नाही, ‘ये’ नाही. चार वाजता टॅब लागतो, नेट इतकं चांगलं की पुण्याच्या मुलीच्या कानातले डूलसुद्धा दिसतात. बाबा तिच्याकडं बघत नाहीत. माझ्याकडं बघतात, नुसते बघतात, आणि मी कॉल बंद करायला लागले की कासावीस होतात. डॉक्टरांनी सांगितलेले महिने कधीच उलटून गेले. मी आता दिवस मोजत नाही. मोजून काय करू?

पुण्याच्या मुलीनं मात्र सोडलेलं नाही. तिला आम्ही खरं काय झालं ते सांगितलेलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. परवा तिनं मला वेगळा फोन केला. म्हणाली, ‘‘ताई, मी सारखा विचार करतेय. त्या दिवशी त्यांनी पूर्ण नाव घेतलं होतं ना, दिवसभर घेतलं होतं. म्हणजे ते आत आहे, गेलेलं नाही. त्या वेळी घरात नेमकं काय वेगळं घडलं होतं ते आठवून सांगा. आपण परत तसंच काहीतरी करून बघू.’’

मी म्हटलं, ‘‘बाई, त्या वेळी त्यांच्या लेखी मी मेले होते.’’